जगण्याला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं?

मागचे काही भाग लढाया, तह आणि राजधान्या यांच्यावर झाले. आजच्या भागात एकही तोफ नाही. आज फक्त शब्द आहेत, तेही स्पॅनिश. पण थोडं थांबा, कारण या शब्दांनी दहा लाखांहून जास्त माणसांना घरं सोडायला लावलीत, आणि पुढे हेच शब्द दोन देशांच्या राज्यघटनेत जाऊन बसलेत.

फॉर्ममधला एक रकाना

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते हे जुन्या श्रोत्यांना माहीत आहे. गेल्या वर्षी आमच्या टीमकडे आरोग्यविम्याशी जोडलेल्या एका ॲपचं काम होतं. ॲप इंग्रजीत तयार होतं, ते लॅटिन अमेरिकेत न्यायचं होतं. मी हौसेने स्पॅनिश शिकतेय हे टीममध्ये सगळ्यांना माहीत, त्यामुळे भाषांतराच्या फायली साहजिकच माझ्या गळ्यात पडल्या. त्यात एका रकान्याचं नाव होतं 'लाइफस्टाइल'. माणूस काय खातो, व्यायामशाळेत जातो का, घरात स्वयंपाकाला इंधन कोणतं, असे आठ-दहा प्रश्न आणि त्यावरून ॲप आपणच शिक्का मारणार: चांगली, बरी, वाईट. मी 'एस्तीलो दे बीदा' असं लिहिलं, पुढे तीन विशेषणं टाकली आणि फाइल पाठवून दिली. पाच मिनिटांचं काम.

तपासणी करणारी सहकारी इक्वेडोरची, कितो शहरातली. तिने दुसऱ्या दिवशी फोनच केला. म्हणाली, "शब्द चुकलेला नाही. पण माझी आजी चिंबोराझो प्रांतातल्या किच्वा गावात राहते. पहाटे उठून शेतात जाते, चुलीवर रांधते, बाजाराला चालत जाते. जिमचं तोंड तिने पाहिलेलं नाही. तुझा रकाना तिला 'वाईट' म्हणणार. आमच्याकडे हे नवीन नाही. साडेचारशे वर्षं कुणी ना कुणी स्पॅनिशमध्ये तिच्या घरात येऊन हेच सांगतंय."

मला आधी वाटलं, बाई जरा जास्तच मनाला लावून घेतेय. मग मी वाचायला बसले. त्या वाचनाचा हा भाग.

एक सूचना आधीच देऊन ठेवते. स्पॅनिशमध्ये 'व्ही' हे अक्षर आपल्या 'ब'सारखं उच्चारतात. त्यामुळे जीवन म्हणजे 'बीदा' आणि जगणं म्हणजे 'बिबीर'. मी तसंच लिहिणार आहे.

आजचे शब्द

आधी आजची स्पॅनिश पाहू. 'एस्तीलो दे बीदा' म्हणजे जीवनशैली. यात निवड गृहीत धरलेली असते. मी शाकाहारी होईन, मी सायकलने ऑफिसला जाईन, हे सगळं एस्तीलो. ज्याच्यापुढे पर्याय मांडलेले आहेत त्याचा हा शब्द. 'मोदो दे बीदा' म्हणजे जगण्याची रीत. धनगरांचा मोदो दे बीदा म्हणता येईल, त्यात ऋतू, जनावरं, वाटा, नाती सगळं आलं. 'फोर्मा दे बीदा' जवळपास तसाच, पण जीवशास्त्रात हाच शब्द जीवप्रकारालाही वापरतात, म्हणजे परग्रहावर सापडला तर तो फोर्मा दे बीदा. 'मेदियो दे बीदा' म्हणजे उपजीविका. 'निबेल दे बीदा' म्हणजे जीवनमान, ज्याची मोजपट्टी असते आणि जे वर-खाली होतं.

आणि एक सापळा आहे. 'ब्वेना बीदा'चा शब्दशः अर्थ चांगलं जीवन. पण बोलताना त्याचा अर्थ होतो ऐषआराम. हातात ग्लास घेऊन समुद्राकडे बघत बसलेला माणूस ब्वेना बीदा जगतोय, असं म्हणतात. हा सापळा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मराठीतही हे आहेच. जीवनशैली, राहणी, राहणीमान, चालीरीती, उपजीविका. 'त्यांचं राहणीमान सुधारलं' आणि 'त्यांची राहणी साधी आहे' या दोन वाक्यांत राहणं तेच आहे. पण पहिल्या वाक्यात कुणीतरी बाहेरून मोजतंय.

मोजणारा कोण, हाच खरा प्रश्न. आता जाऊ सोळाव्या शतकात.

पोलिसीया

सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश कागदपत्रांत एक शब्दप्रयोग सतत भेटतो: 'बिबीर एन पोलिसीया', म्हणजे पोलिसीयात जगणं. आज 'पोलिसीया' म्हणजे पोलीस. आपला पोलीस आणि तो पोलिसीया दोघे एकाच घरातले, मूळ ग्रीक 'पोलिस' म्हणजे नगर. पण त्या काळात या शब्दाचा खाकी गणवेशाशी संबंध नव्हता. पोलिसीया म्हणजे नगरात राहणाऱ्या माणसाची रीतभात, सुव्यवस्था, सभ्यता. रस्ते सरळ असणं, अंगभर कपडे असणं, टेबलाशी बसून जेवणं, जमिनीवर न झोपता खाटेवर झोपणं, चर्चची घंटा ऐकू येईल इतक्या अंतरावर राहणं, हे सगळं पोलिसीया.

स्पॅनिश अधिकाऱ्यांच्या दृष्टीने अँडीज पर्वतातले लोक पोलिसीयात जगत नव्हते, कारण ते विखरून राहत होते. पण ते तसे राहत होते त्याला कारण होतं. अँडीजमध्ये उंची बदलली की हवामान बदलतं, पीक बदलतं. खाली उबदार खोऱ्यात मका, वर थंडीत बटाटा, त्याहून वर माळावर लामा आणि अल्पाका. एका समूहाची, त्यांच्या भाषेत 'आयल्यू'ची, जमीन या सगळ्या उंचींवर तुकड्यातुकड्याने असायची. एक ठिकाण गारठलं तर दुसरं तारून न्यायचं. मानववंशशास्त्रज्ञ जॉन मुर्रा यांनी १९७० च्या दशकात याला उभा द्वीपसमूह असं नाव दिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळा डेटा एकाच सर्व्हरवर न ठेवण्याची ही पद्धत. एक बंद पडला तर दुसरा चालू.

१५६७ मध्ये हुआन दे मातिएन्सो या न्यायाधीशाने पेरूच्या कारभारावर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात आदर्श गावाचा नकाशाच काढून दिला. मधोमध चौक, चौकाभोवती चर्च, अधिकाऱ्याचं घर, पंचायतीची इमारत, तुरुंग आणि मग चौकटी-चौकटीत घरं. दोन वर्षांनी, १५६९ मध्ये, फ्रान्सिस्को दे तोलेदो व्हाइसरॉय म्हणून लिमात आला. त्याने सगळ्या मुलखाची पाहणी सुरू केली आणि १५७० च्या दशकात ही योजना प्रत्यक्षात उतरवली. दहा लाखांहून जास्त माणसांना डोंगरावरच्या वस्त्यांतून उठवून अशा आखीव गावांत वसवलं, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. घरांचे दरवाजे रस्त्याकडेच हवेत, असाही नियम. का? तर आत काय चाललंय ते दिसावं.

या गावांना नाव दिलं 'रेदुक्स्योन'. आज वाचताना हा शब्द 'कमी करणं' असा वाटतो. तेव्हा त्याचा अर्थ होता योग्य जागी परत आणणं, वळणावर आणणं. भरकटलेल्याला रुळावर आणावं तसं. म्हणजे शब्दातच निकाल आहे: तुम्ही भरकटलेले आहात.

परिणाम काय झाला? वरच्या शेतापासून आणि खालच्या शेतापासून माणूस दूर पडला. माणसं दाटीने राहू लागल्यावर युरोपातून आलेल्या रोगांना पसरणं सोपं झालं. कर गोळा करणं आणि पोतोसीच्या चांदीच्या खाणीसाठी पाळीपाळीने मजूर उचलणं मात्र सोयीचं झालं. बरेच लोक संधी मिळताच गुपचूप जुन्या शेतांकडे परतले. पण यातली अनेक गावं टिकली आणि आजही त्यांचे चौक तसेच आहेत.

पोलिसीया हा शब्द वाईट होता का? वापरणाऱ्यांना तो चांगलाच वाटत होता. सुव्यवस्था कुणाला नकोय? पण त्या एका शब्दामुळे 'हे लोक वेगळं जगतात' हे वाक्य 'हे लोक नीट जगत नाहीत' असं झालं. आणि एकदा ते तसं झालं की पुढचा हुकूम काढायला फार वेळ लागत नाही.

कोशकार पाद्री

याच काळात दुसरीकडे काही माणसं उलट्या दिशेचं काम करत होती. धर्मप्रसारासाठी स्थानिक भाषा शिकणं भाग होतं. दोमिंगो दे सांतो तोमास या पाद्र्याने केचुआ भाषेचं पहिलं व्याकरण आणि शब्दकोश १५६० मध्ये स्पेनमध्ये छापला. १५८४ मध्ये लिमात स्पॅनिश, केचुआ आणि आयमारा अशा तीन भाषांतली ख्रिस्ती प्रश्नोत्तरी निघाली. दक्षिण अमेरिकेत छापलेलं हे पहिलं पुस्तक. मग १६०८ मध्ये गोन्सालेस ओल्गीन यांचा केचुआ कोश, १६१२ मध्ये लुदोविको बेर्तोन्यो यांचा आयमारा कोश.

या लोकांना रोज एकच अडचण यायची: आपल्या डोक्यातल्या स्पॅनिश शब्दाला इथला शब्द कोणता? केचुआमध्ये 'काउसाय' म्हणजे जगणं, आणि जगण्याला लागतं तेही. पाद्र्यांनी त्याला 'विन्याय' म्हणजे 'सदैव' जोडून ख्रिस्ती 'चिरंतन जीवन' बनवलं. 'हुचा' हा शब्द त्यांनी 'पाप' म्हणून घेतला, जो मूळचा देणं, जबाबदारी, व्यवहार अशा अर्थांचा होता. म्हणजे जुना शब्द तसाच ठेवून त्याच्या आतला अर्थ बदलला.

पण मला सगळ्यात अडवलं ते आन्तोन्यो रुइस दे मोन्तोया यांनी. लिमात जन्मलेला हा जेझुइट पाद्री आजच्या पॅराग्वे-ब्राझीलच्या भागात ग्वारानी लोकांमध्ये राहिला. १६३९ मध्ये माद्रिदला त्याने ग्वारानीचा मोठा कोश छापला. त्यात 'तेको' या शब्दाखाली त्याने एक स्पॅनिश शब्द दिला नाही, रांगच लावली: असणं, जीवनाची अवस्था, राहणं, रीत, कायदा, सवय. एका शब्दासाठी इतके! त्याला कळलं होतं की स्पॅनिशमध्ये हे सगळे वेगवेगळे कप्पे आहेत आणि ग्वारानीत नाहीत. तिथे माणूस असणं आणि अमुक रीतीने जगणं या दोन गोष्टी नाहीतच. 'न्यांदे रेको' म्हणजे आपली रीत, म्हणजेच आपलं असणं.

आता गंमत बघा. गंमत कसली, हेच दुखणं आहे. त्याच वर्षी, त्याच माद्रिदमध्ये, त्याच माणसाचं दुसरं पुस्तक निघालं, धर्मप्रसाराच्या कामाचा वृत्तांत. त्यात तो सांगतो की डोंगरदऱ्यांत जुन्या पद्धतीने विखुरलेल्या लोकांना मोठ्या गावांत आणून नागरी आणि मानवी जीवन दिलं, त्या गावांना आम्ही रेदुक्स्योन म्हणतो. मानवी जीवन दिलं! ज्याने 'तेको'चे इतके अर्थ टिपले, त्यानेच हेही लिहिलं.

त्याला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण खरं नाही. गुलाम पकडणाऱ्या टोळ्यांपासून वाचवण्यासाठी १६३१ मध्ये सुमारे १२,००० ग्वारानी लोकांना शेकडो तराफ्यांवरून नदीमार्गे खाली नेणारा हाच माणूस. माद्रिदला तो गेला तोही या लोकांना स्वसंरक्षणासाठी बंदुका मिळाव्यात म्हणून राजाकडे रदबदली करायला. माणूस प्रेमाने वागत होता. पण त्याच्या स्पॅनिशमध्ये चांगल्या जगण्याचा एकच आकार होता, आणि तो आकार चौकोनी होता.

याला त्याच भाषेत उत्तर देणारा माणूसही त्या काळात होऊन गेला. ग्वामान पोमा दे आयाला, पेरूमधला स्थानिक माणूस. त्याने १६१५ च्या सुमारास स्पेनच्या राजासाठी जवळपास १,२०० पानांचं हस्तलिखित तयार केलं, त्यात ३९८ पानभर चित्रं. स्पॅनिशमध्येच लिहिलं, मध्ये मध्ये केचुआ पेरलेली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्याकडे कायदा होता, व्यवस्था होती, गरिबाला सांभाळण्याची रीत होती. तुम्ही आलात आणि जग उलटं झालं. हे हस्तलिखित राजाने वाचल्याचा काही पुरावा नाही. ते १९०८ मध्ये कोपनहेगनच्या राजग्रंथालयात सापडलं. तीनशे वर्षं उत्तर न आलेला ईमेल समजा.

सभ्यतेपासून विकासापर्यंत

पुढची तीन शतकं मी भरभर पार करते, कारण शब्द बदलले तरी वाक्याची रचना तीच राहिली. एकोणिसाव्या शतकात स्पेन गेला, नवे देश झाले, आणि 'पोलिसीया'च्या जागी 'सिबिलिसास्योन' म्हणजे सभ्यता हा शब्द बसला. अर्जेंटिनाच्या सार्मिएन्तो यांनी १८४५ च्या 'फाकुंदो' या पुस्तकात सभ्यता विरुद्ध रानटीपणा ही जोडीच प्रसिद्ध केली. विसाव्या शतकात, विशेषतः १९४९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी अविकसित देशांना मदतीची घोषणा केल्यावर, 'देसारोल्यो' म्हणजे विकास आला. आधी तुम्ही असभ्य होता, आता तुम्ही मागास झालात. चिंबोराझोच्या आजीच्या चुलीकडे बघण्याची नजर तीच.

एक स्वल्पविराम आणि एक कंस

१९९० मध्ये इक्वेडोरमधले आदिवासी समूह मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले, रस्ते अडवले, जमिनीचा हक्क मागितला. त्यानंतर त्यांना राजकारणात टाळणं शक्य राहिलं नाही. ॲमेझॉनच्या बाजूला बोबोनासा नदीवर सारायाकू नावाचं किच्वा गाव आहे. तिथल्या लोकांना न विचारता सरकारने त्यांच्या जंगलात तेलाच्या शोधाची परवानगी दिली होती. कंपनीने जमिनीत सुमारे १,४०० किलो स्फोटकं पुरली. या गावाने खटला आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात नेला आणि २०१२ मध्ये जिंकला.

याच सारायाकूचे कार्लोस विटेरी ग्वालिंगा हे मानववंशशास्त्रज्ञ. २००० च्या आसपास त्यांनी मांडलं की आमच्या भाषेत 'विकास' या अर्थाचा शब्द नाही. खालून वर चढत जाणारी शिडी आमच्याकडे नाही. आमच्याकडे आहे ते नीट, भरलेलं जगणं. त्यासाठी जे शब्द पुढे आले त्यातला गाजला तो 'सुमाक काउसाय'.

२००७-०८ मध्ये इक्वेडोरची नवी राज्यघटना मोन्तेक्रिस्ती या गावात लिहिली गेली. आता हा शब्द स्पॅनिशमध्ये आणायचा होता. आणि इथे घटना समितीपुढे तोच प्रश्न उभा राहिला जो माझ्यापुढे त्या फायलीत होता: जगण्याला काय म्हणायचं?

'ब्वेना बीदा' म्हणता येईना, कारण तो ऐषआरामाचा सापळा. 'निबेल दे बीदा' म्हटलं की पुन्हा मोजपट्टी. ठरलं ते 'ब्वेन बिबीर'. यात 'बीदा' हे नाम सोडून 'बिबीर' हे क्रियापद घेतलंय. जीवन नव्हे, जगणं. जीवन ही वस्तू असते, ती कुणाकडे असते किंवा नसते. जगणं ही कृती आहे, ती रोज करावी लागते. मराठीत 'चांगलं जीवन' आणि 'चांगलं जगणं' शेजारी ठेवून म्हणून बघा, फरक लगेच कळेल.

पण 'सुमाक'चा अर्थ नुसता चांगलं होत नाही. चांगल्यासाठी किच्वात 'आल्यी' आहे. 'सुमाक' म्हणजे सुंदर, परिपूर्ण. म्हणजे भाषांतरात काहीतरी सांडलंच. बहुधा म्हणूनच घटनेच्या प्रास्ताविकेत दोन्ही शब्द आहेत: आधी 'ब्वेन बिबीर', मग स्वल्पविराम, मग 'सुमाक काउसाय'. सप्टेंबर २००८ मध्ये सार्वमतात सुमारे ६४ टक्के मतांनी ही घटना मंजूर झाली. निसर्गाला स्वतःचे हक्क देणारी ही जगातली पहिली राज्यघटना.

शेजारच्या बोलिव्हियाने चार महिन्यांनी, जानेवारी २००९ मध्ये, सुमारे ६१ टक्के मतांनी आपली घटना स्वीकारली. त्यांनी वेगळा मार्ग काढला. आठव्या कलमात आधी आयमाराचा 'सुमा कामान्या' आहे आणि स्पॅनिश 'बिबीर ब्येन' कंसात आहे. त्याच यादीत ग्वारानीचा 'न्यांदेरेको'ही आहे, तोच तो मोन्तोयाने कोशात टिपलेला तेको. ३७० वर्षांनी तो कोशातून कायद्यात आला, आणि या वेळी कंसात जायची पाळी स्पॅनिशवर आली. मला हे वाचताना खरंच बरं वाटलं. कोड लिहिणाऱ्या माणसाला माहीत असतं की काय आत लिहिलंय आणि काय कंसात टिप्पणी म्हणून ठेवलंय, याने फार फरक पडतो.

'कामान्या'वर बोलिव्हियात बरीच चर्चा झाली. आयमारात नुसतं जिवंत असण्यासाठी दुसरा धातू आहे, 'हाका'. 'कामान्या'त राहणं, वस्ती करणं, विसावणं, आसरा देणं आणि काळजी घेणं हे सगळं येतं. आयमारा समाजात आयुष्य घालवलेले जेझुइट भाषाअभ्यासक शाविएर आल्बो यांचं म्हणणं होतं की याचं खरं भाषांतर 'कोनबिबीर ब्येन' व्हायला हवं, म्हणजे सोबत चांगलं जगणं. एकट्याने कामान्या करताच येत नाही. आणि तेव्हाचे परराष्ट्रमंत्री दाविद चोकेवांका सतत एक भेद सांगायचे: आम्हाला 'बिबीर ब्येन' हवंय, 'बिबीर मेहोर' नको. मेहोर म्हणजे अधिक चांगलं. अधिक म्हटलं की लगेच प्रश्न येतो: कुणापेक्षा?

शब्द जिंकला, मग?

इथे भाग संपवला असता तर छान झालं असतं. पण तसं झालं नाही.

इक्वेडोर सरकारने ब्वेन बिबीरच्या नावाने राष्ट्रीय नियोजन आराखडे काढले. २०१३ मध्ये ब्वेन बिबीरचं स्वतंत्र सचिवालयच उघडलं, जे २०१७ मध्ये बंद झालं. आराखडा आला की निर्देशांक आले, टक्केवारी आली. ज्या मोजपट्टीला टाळण्यासाठी शब्द निवडला, ती मागच्या दाराने परत आली.

त्याहून मोठी परीक्षा यासुनीत झाली. ॲमेझॉनमधल्या या राष्ट्रीय उद्यानाखाली तेल आहे आणि आत बाहेरच्या जगाशी संबंध न ठेवणारे आदिवासी गटही राहतात. २००७ मध्ये अध्यक्ष कोर्रेया यांनी प्रस्ताव मांडला होता: तेल जमिनीतच ठेवतो, त्याच्या निम्म्या किमतीइतके, म्हणजे ३.६ अब्ज डॉलर, जगाने द्यावेत. २०१३ पर्यंत हातात पडले सुमारे १.३ कोटी. योजना गुंडाळली गेली आणि तेल काढायचं ठरलं, गरिबी हटवायला पैसा हवा म्हणून. सचिवालय सुरू झालं तेही हेच वर्ष. बोलिव्हियातही २०११ मध्ये आदिवासींच्या राखीव प्रदेशातून महामार्ग न्यायच्या प्रस्तावाविरुद्ध निघालेल्या मोर्च्यावर पोलिसांनी बळ वापरलं. घटनेत सुमा कामान्या, रस्त्यावर पोलिसीया, आणि तोही आजच्या अर्थाचा.

काही अभ्यासक असंही म्हणतात की ही संकल्पना म्हणावी तितकी प्राचीन नाही. शब्द जुने आहेत, पण त्यांची जोडी करून तत्त्वज्ञान म्हणून मांडणी झाली ती गेल्या पंचवीस-तीस वर्षांत, शिकलेल्या आदिवासी विचारवंतांकडून, स्वयंसेवी संस्थांकडून, परदेशी मदतीवर चालणाऱ्या प्रकल्पांतून. हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण मला त्याने फारसा फरक पडत नाही. 'पोलिसीया'ही कुणीतरी घडवूनच आणला होता. शब्द नवा असणं हा दोष नाही. तो कोण वापरतंय आणि कुणावर वापरतंय, हे बघायला हवं.

आणि तो शब्द मेलाही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये इक्वेडोरच्या लोकांनी पुन्हा सार्वमत घेतलं: यासुनीच्या त्या भागातलं तेल काढणं थांबवायचं का? सुमारे ५९ टक्के लोकांनी 'हो' म्हटलं. सरकारचा आराखडा कपाटात गेला, पण जी मागणी त्या शब्दांतून आली होती ती लोकांच्या मतपेटीत टिकली.

माझ्या रकान्याचं काय झालं

हे सगळं वाचल्यावर 'कामान्या'ला मराठीत काय म्हणायचं, हा विचार डोक्यातून जाईना. जीवनशैली नक्कीच नाही. सहजीवन जवळ जातो, पण तो पुस्तकी आहे. मग एकदा आईशी फोनवर बोलताना शब्द आपणच आला: नांदणं. राहणं, रुळणं, एकमेकांसोबत सुखाने असणं, आणि घर, गोठा, शेत सगळं त्यात धरलेलं. नांदतं घर म्हटलं की त्यात एकटा माणूस डोळ्यांसमोर येतच नाही.

मी खूश होऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "शब्द चांगला आहे गं, पण 'नीट नांद' हे आमच्या वेळी फक्त सुनेलाच सांगायचे."

म्हणजे आपल्याकडेही तेच. जगण्याचा सुंदर शब्द एका बाजूने आशीर्वाद आणि दुसऱ्या बाजूने हुकूम. कोण कुणाला म्हणतंय त्यावर ठरतं.

ॲपचं सांगते. नुसता शब्द बदलून भागणार नव्हतं, हे कितोच्या सहकारीला माझ्याआधी कळलं होतं. 'एस्तीलो' काढून 'मोदो' टाकलं असतं तरी पुढचं 'वाईट' तसंच राहिलं असतं. आम्ही दोघींनी मिळून कळवलं की हा शिक्का काढावा. एक मीटिंग झाली, मग दुसरी झाली. इंधनाचा प्रश्न राहिला, कारण चुलीच्या धुराचा फुप्फुसांवर परिणाम होतो हे खरंच आहे आणि डॉक्टरला ते माहीत असायला हवं. पण चांगली-बरी-वाईट हा रकाना गेला. त्या जागी एक साधा प्रश्न आला: 'कोमो बीबे उस्तेद?' म्हणजे, तुम्ही कसं जगता? खाली लिहायला मोकळी जागा.

मोकळ्या जागेतली उत्तरं मोजायला कठीण जातात, अशी आमच्या डेटावाल्या मुलांची तक्रार आहे. ती रास्त आहे. तोलेदोच्या कारकुनांचीही विखुरलेल्या वस्त्यांबद्दल बहुधा हीच तक्रार असणार.

आज इथेच थांबते. पुढच्या भागात आपण पोतोसीच्या चांदीच्या डोंगराकडे जाणार आहोत, कारण त्या चांदीची वाट शेवटी आपल्या गोव्यापर्यंत आणि सुरतेपर्यंत येते. भेटू.